खिडकीतली बाटली

आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली जाते. पॉर्फिरियाचा नमुना आला की आधी त्याला अंधार द्यायचा. तपकिरी बाटली, तिच्याभोवती फॉइलचे दोन वेढे आणि फ्रीजचा मागचा कप्पा. मुलं मान डोलावतात, वहीत लिहून घेतात. मला मात्र हे कुणी सांगण्याआधीच कळलं होतं, आणि ते माझ्या चुकीतून.

नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. एका चोवीस वर्षांच्या मुलीची लघवी तपासायला आली होती. सोबतच्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या: पोटात असह्य दुखणं, कारण सापडत नाही. बाटली साधी, पारदर्शक होती. मी नोंद केली, कुणीतरी हाक मारली म्हणून उठले आणि ती बाटली खिडकीच्या कट्ट्यावर तशीच राहिली. दुपारी चारच्या सुमारास आमच्या मॅडम तिथून जाता जाता थबकल्या. सकाळी फिकट पिवळी असलेली लघवी आता लालसर तपकिरी झाली होती. कडेला, जिथे ऊन थेट पडत होतं, तिथे तर जवळजवळ जांभळी. मॅडमनी बाटली उचलून उजेडात धरली, हलकेच हिंदकळली आणि म्हणाल्या, "नमुना वाया गेला गं. पण आजार सापडला."

लगेच दुसरा नमुना मागवला. या वेळी तो नीट अंधारात आला. एर्लिख रिएजंटचे थेंब पडताच नळीत गडद गुलाबी रंग उमटला. पॉर्फोबिलिनोजेन, म्हणजे रक्ताचा लाल रेणू बनतानाचा एक कच्चा माल, भरपूर होतं. तीव्र झटक्यांचा पॉर्फिरिया, शरीराच्या रसायनातला एक आनुवंशिक बिघाड.

त्या मुलीचे आधीचे नऊ महिने मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. पोटदुखीसाठी एका रुग्णालयात तिचं अपेंडिक्स काढलं होतं. ते निरोगी निघालं. पुढे तिला झटके आले, फेफरं समजून फिनोबार्बिटोन सुरू केलं. फेफऱ्यावर द्यायचं ते औषध दिलं, यात देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानंतर तिचं दुखणं दुपटीने वाढलं, हातांतली ताकद गेली, कंगवाही धरवेना. जे औषध म्हणून पोटात जात होतं तेच आजाराला पोसत होतं.

अहवाल न्यायला तिची आई आली, सोबत घरातल्या दोघी-तिघी. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे बाहेरून आलं की आमच्या रक्तातलंच?" मी म्हटलं, "आनुवंशिक आहे." एवढंच. मागे उभ्या असलेल्या एका बाई हलक्या आवाजात, पण ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "खाण तशी माती." आईने मान खाली घातली, कागदाची घडी केली आणि त्या निघून गेल्या.

माझं उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. उरलेलं अर्धं मी पुढे कितीतरी वर्षं वाचत राहिले. त्या मुलीच्या आईला तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आज इथे लिहिते आहे.

आपलं रक्त लाल दिसतं ते हीम नावाच्या रेणूमुळे. सुमारे 80 टक्के हीम हाडांतल्या मज्जेत तयार होतं, उरलेल्यातलं बहुतेक यकृतात. ते बनवण्याचं काम आठ टप्प्यांत चालतं. ग्लायसिन नावाच्या साध्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते आणि शेवटच्या टप्प्यात मधोमध लोहाचा अणू बसतो. प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम उभं असतं. शेतातल्या पाटासारखं डोळ्यांसमोर आणा: वरून पाणी सोडलंय, मधे एका ठिकाणी पाट बुजलाय. पुढच्या वाफ्यांना पाणी कमी पडतं हे खरंच, पण पहिलं नुकसान होतं ते बुजलेल्या जागेच्या अलीकडे, जिथे पाणी तुंबून बांधावरून वाहू लागतं. पॉर्फिरियात असंच तुंबतं. तिसऱ्या टप्प्यावर तुंबलं तर मज्जातंतू पोळतात, पोट पिळवटून निघतं. पाचव्या टप्प्यावर तुंबलं तर साठलेली पॉर्फिरिन्स, म्हणजे हीम बनतानाचे अर्धवट रेणू, त्वचेत उतरतात आणि ऊन लागलं की तिथे फोड येतात.

पाट बुजवतं कोण? जनुक बुजवतं, असं शिकून मी पदवी घेतली होती. तुर्कस्तानची हकीकत वाचली तेव्हा ते उत्तर मला पुरेनासं झालं.

1955 ते 1959 या काळात आग्नेय तुर्कस्तानात, दियारबाकिर, मार्दिन, उर्फा या भागांतल्या खेड्यांत लहान मुलांच्या हातांवर आणि चेहऱ्यावर फोड येऊ लागले. उन्हात गेलं की त्वचा फाटायची, जखम चिघळायची, भरली तरी खोल वण राहायचा. अंग काळवंडायचं, गालांवर आणि हातांवर दाट लव उगवायची, लघवी लाल व्हायची. लोकांनी या आजाराला आपल्या बोलीत नाव दिलं, 'कारा यारा', म्हणजे काळी जखम. डॉक्टरांनी तपासलं तर हा त्वचेचा पॉर्फिरिया. पण पॉर्फिरिया हा तर विरळा आजार, एखाद्या घराण्यात चालत येणारा. तो साथीसारखा गावोगाव कसा पसरेल? नाते नसलेल्या कुटुंबांत, एकाच हंगामात?

उत्तर गव्हात होतं. गव्हावर काणी पडू नये म्हणून पेरणीच्या बियाण्याला हेक्झाक्लोरोबेन्झीन नावाचं बुरशीनाशक चोळलेलं होतं. ते बियाणं सरकारने पेरण्यासाठी वाटलं होतं. घरात धान्य संपलं तेव्हा लोकांनी तेच दळलं आणि खाल्लं. भुकेल्या घरात दाणे असताना ते मातीत टाकायचे की पोरांच्या पोटात, हा प्रश्न कुठल्याही आईला पडत नाही. चाम आणि निगोगोस्यान या डॉक्टरांनी 1963 साली 348 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एकूण बाधित तीन-चार हजारांच्या घरात असावेत असा अंदाज पुढे मांडला गेला. त्याआधी 1960 मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला अमेरिकन यकृततज्ज्ञ रुडी श्मिड याने या साथीवर लिहिलं होतं. 1961 मध्ये त्याने आणि ऑकनरने उंदरांना हेच रसायन खाऊ घालून प्रयोगशाळेत पॉर्फिरिया निर्माण करून दाखवला. घराणं नको, वंश नको, निव्वळ एका रसायनाने हीमच्या कारखान्यातला पाचवा टप्पा बंद पडला होता. काही कुटुंबांत जनुकाच्या दोषाने अधू असतो तोच टप्पा, तेच एन्झाइम.

हे सगळं वाचताना मी एका ठिकाणी वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही. मोठ्या मुलांना 'कारा यारा' झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांना मात्र वेगळंच काही होत होतं. त्यांच्या अंगावर गुलाबी चट्टे उठत, ताप येई, जुलाब होत, आकडी येई आणि ती दगावत. त्याला लोक 'पेम्बे यारा' म्हणत, गुलाबी जखम. दोन वर्षांच्या आतल्या ज्या बाळांना ते झालं त्यांतली जवळजवळ सगळीच गेली. काही गावांत दोन ते पाच वर्षांचं एकही मूल उरलं नाही. हेक्झाक्लोरोबेन्झीन चरबीत विरघळतं, शरीर सोडायला तयार होत नाही, पण दुधातून मात्र सहज वाहतं. आईच्या शरीराने आपलं विष बाळाच्या ओठांशी नेऊन ठेवलं. वीस-पंचवीस वर्षांनी संशोधक पुन्हा त्या भागात गेले तेव्हा लहानपणी आजारी पडलेल्या, आता बाया झालेल्या मुलींच्या दुधात ते रसायन अजूनही सापडत होतं. त्यांचे हात खुरटलेले, बोटं आखूड, चेहऱ्यावर वण.

आईकडून बाळाकडे गेलं, मग हे आनुवंशिक झालं का? नाही. पण त्या गावातल्या एखाद्या आईला हा फरक कुणी समजावून सांगितला असता तरी तिला तो कितपत पटला असता? माझ्याकडूनच गेलं, एवढंच तिच्या मनात उरलं असणार. आमच्या प्रयोगशाळेच्या दारात मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या बाई मला त्या क्षणी आठवल्या, तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या राहिलेल्याच नाहीत.

पुढे एक रुग्ण असा आला की हे माझ्यासमोर टेबलावरच घडलं. पन्नाशीचे गृहस्थ होते, दोन्ही हातांच्या पाठीवर फोड, काही फुटलेले, काही खपली धरलेले. खिशात हात घालतानासुद्धा कातडी सोलते म्हणाले. लघवीचा रंग कडक चहासारखा. खोलीतले दिवे मालवून मी वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, लावला आणि बाटलीतून पोवळ्यासारखा गुलाबी-नारिंगी उजेड फुटला. इतक्या वर्षांत हा रंग मी कितीदा पाहिला असेल, तरी दर वेळी श्वास रोखला जातो. आजाराचा रंग इतका सुंदर असू नये असं वाटतं.

त्यांना पाचव्या टप्प्याचा पॉर्फिरिया होता. या आजाराचे साधारण एक चतुर्थांश किंवा त्याहून थोडे कमी रुग्ण असे असतात की त्यांच्या त्या एन्झाइमच्या दोन जनुकांपैकी एक जन्मतःच खराब असतं. म्हणजे जन्मापासून एन्झाइम निम्मं. पण निम्म्यावर शरीराचं छान भागतं. अशी जनुकं घेऊन माणसं म्हातारी होतात आणि त्यांना फोड म्हणून कसा तो येत नाही. आजार दिसायला यकृतातलं एन्झाइम पाचव्या हिश्श्याच्याही खाली जावं लागतं. निम्म्यापासून तिथपर्यंतची उतरण जनुक एकटं गाठत नाही. दारू, यकृतात साठलेलं लोह, हेपॅटायटिस सी, इस्ट्रोजेन, यांतलं काहीतरी त्याला ढकलत नेतं. उरलेल्या तीन चतुर्थांश रुग्णांत तर हे जनुक अगदी धडधाकट असतं, त्यांना पूर्ण वाट बाहेरच्या गोष्टीच चालायला लावतात. आणि गंमत नव्हे, मला हलवून टाकणारी बाब ही की दोघांच्या लघवीचा रंग एकच, हातावरचे फोड एकसारखे. वुड्स लॅम्पखाली आनुवंशिक आणि मिळवलेला यात फरक करता येत नाही.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या जागेवर आणखी उजेड पाडला. उंदरांच्या यकृतात एक असा पदार्थ सापडला जो या एन्झाइमच्या तोंडात बोळ्यासारखा अडकून बसतो. तो बाहेरून आलेला नसतो. यकृतात लोह जास्त असलं आणि रसायनं मोडणारी एन्झाइमं चेकाळलेली असली की हीमच्याच कच्च्या मालापासून तो तिथल्या तिथे तयार होतो. म्हणजे बाहेरचं रसायन स्वतः कुलूप लावत नाही, घरातल्याच लोखंडाचं कुलूप घरातल्याकडून करवून घेतं. म्हणूनच त्या गृहस्थांचा उपचार विलक्षण साधा होता: ठरावीक दिवसांनी एक बाटली रक्त काढायचं. रक्ताबरोबर लोह जातं, लोह गेलं की बोळा बनायचा थांबतो. काही महिन्यांनी ते आले तेव्हा हात स्वच्छ होते, वण तेवढे राहिले होते.

तीव्र झटक्यांच्या पॉर्फिरियाची गोष्ट वेगळी, पण तिच्यातही बाहेरचं आणि आतलं असंच एकमेकांत गुंतलेलं आहे. 1888 मध्ये सल्फोनाल नावाचं झोपेचं औषध वापरात आलं. पुढच्याच वर्षी स्टॉकविस या डच डॉक्टरने एका वृद्ध स्त्रीची नोंद केली: सल्फोनाल घेतल्यावर तिची लघवी गडद लाल झाली आणि ती वारली. हा आजार वैद्यकाला पहिल्यांदा नीट दिसला तो असा, औषधाच्या निमित्ताने.

याहून ठसठशीत उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. 1688 साली केपच्या वसाहतीत खेरिट यान्स आणि आरियान्त्ये याकोब्स या डच जोडप्याचं लग्न झालं. ती हॉलंडमधून पाठवलेल्या अनाथ मुलींपैकी एक. जेफ्री डीन नावाच्या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या मध्यावर शेकडो कुटुंबांच्या वंशावळी जुळवत या जोडप्यापर्यंत माग काढला. त्यांच्याकडून आलेलं पॉर्फिरियाचं जनुक आज तिथल्या हजारो लोकांत आहे. आता विचार करा, आजार इतका घातक असता तर तो अडीचशे वर्षं, पिढ्यान् पिढ्या, एवढ्या मोठ्या गोतावळ्यात टिकलाच कसा? डीनचं म्हणणं असं की तो तेव्हा घातक नव्हताच. उन्हात हातांची कातडी जरा नाजूक, एवढंच. मग सल्फा औषधं आली, बार्बिट्युरेट आली (आमच्या मुलीला दिलेलं फिनोबार्बिटोन त्यांतलंच), शस्त्रक्रियेआधी भूल द्यायला थायोपेंटोन आलं. आणि ज्या घरात आजोबा-पणजोबा उत्तम जगले होते तिथे नातवंडं एखाद्या किरकोळ शस्त्रक्रियेनंतर लुळी पडू लागली, श्वास थांबून मरू लागली. जनुक तेच होतं. जग बदललं होतं.

असं का होतं हेही आता पुष्कळ स्पष्ट आहे. बार्बिट्युरेटसारखं औषध आलं की ते मोडण्यासाठी यकृत भराभर एन्झाइमं बनवतं आणि त्या एन्झाइमांना हीम लागतं. हीमची मागणी वाढली की पहिल्या टप्प्याचं दार सताड उघडतं. सगळे टप्पे ठीक असतील तर काहीच बिघडत नाही. पण तिसऱ्या टप्प्यावर पाट अर्धा बुजलेला असेल तर वरून आलेलं सगळं पाणी तिथे तुंबतं. बराच वेळ उपाशी राहिल्यानेही हे दार उघडतं. म्हणून झटक्यात ग्लुकोज देतात, तयार हीम शिरेतून देतात. आणि 2019 पासून गिवोसिरान नावाचं औषध आहे, जे पहिल्या टप्प्याचं दारच लोटून घेतं. आमच्या त्या मुलीच्या वेळी यातलं ग्लुकोज होतं, आणि नकोशी औषधं थांबवण्याचं शहाणपण होतं. तेवढ्यानेही ती सावरली. हातात कंगवा यायला आठ महिने लागले.

आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरबद्दल मला फार जिव्हाळा आहे. लघवीचे रंग हा त्याचाही विषय. काही बाळांची लघवी ठेवली की काळी पडते, त्या अल्काप्टोन्युरियाचा अभ्यास करताना 1902 मध्ये त्याने लिहिलं की हा जंतूंचा रोग नाही, शरीराच्या रसायनाची ही जन्मजात तऱ्हा आहे आणि ती आनुवंशिकतेच्या नियमाने उतरते. जन्मजात चयापचय-दोष ही कल्पना 1908 च्या त्याच्या व्याख्यानांतून रूढ झाली. पण त्याचा भर दोषावर नव्हता. त्याला म्हणायचं होतं की चेहरे जसे वेगळे तशी प्रत्येक माणसाची रासायनिक घडणही वेगळी. लोकांनी यातला दोष तेवढा उचलला, वेगळेपण मागे पडलं.

हे वेगळेपण एरवी दिसत नाही, बाहेरचं रसायन समोर आलं की दिसतं. कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या घ्या. जी-6-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळाने नॅप्थलीनच्या वासात राहिलेलं पांघरूण घेतलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. शेजारच्या बाळाला त्याच पांघरुणात गाढ झोप लागते. अमुक एक रसायन 'सुरक्षित' आहे असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुणासाठी?

आणि मग टायरोसिनेमिया. हा लहान बाळांचा आनुवंशिक आजार, यकृत भराभर खलास करणारा. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल मोडण्याच्या रस्त्यावरचं शेवटचं एन्झाइम या बाळांत नसतं, त्यामुळे मागे जे तुंबतं त्यातून सक्सिनिलॲसिटोन तयार होतं. हा पदार्थ हीमच्या कारखान्यातल्या दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम बंद पाडतो. नेमकं हेच एन्झाइम शिसंही बंद पाडतं. म्हणून शिशाची बाधा झालेल्या कामगाराचं पोट जसं पिळवटतं आणि मनगट लुळं पडतं, तशाच कळा आणि तसाच लुळेपणा या बाळांनाही येतो. एकाने विष कारखान्यात हुंगलं, दुसऱ्याचं शरीरच विष घडवतंय. जनुकाची चूक शेवटी एका रसायनाच्या हातूनच मारते, हे मला इथे पहिल्यांदा इतकं लख्ख समजलं.

या आजारावरचं औषध कुठून आलं तेही ऐका. कॅलिफोर्नियात 1977 साली कुणाच्या तरी लक्षात आलं की लाल ब्रशसारखी फुलं येणाऱ्या बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. झाड मातीत लेप्टोस्परमोन नावाचं रसायन सोडत होतं. त्यावरून नवी तणनाशकं बनवायचा उद्योग सुरू झाला. त्यातलं एक, निटिसिनोन, प्राण्यांवर तपासलं तर उंदरांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर व्रण आले, कारण त्यांच्या रक्तात टायरोसिन प्रचंड वाढलं होतं. विषारी ठरवून ते फडताळात टाकलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्वेन लिंडस्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दुसरंच दिसलं: हे तणनाशक टायरोसिनचा रस्ता खूप वरच अडवतं, म्हणजे बाळांच्या शरीरात ते घातक सक्सिनिलॲसिटोन बनणारच नाही. 1992 मध्ये त्यांनी पाच मुलांवरच्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. तोपर्यंत अशा मुलांसाठी यकृत बदलणं हाच काय तो आधार होता. आता टायरोसिन कमी असलेला आहार आणि हे औषध घेऊन ती शाळेत जातात. गॅरॉडने अभ्यासलेला अल्काप्टोन्युरिया याच रस्त्यावरचा आहे, आणि युरोपात 2020 पासून त्यावरही निटिसिनोन देता येतं. काळी पडणारी लघवी तणनाशकाने काळी पडायची थांबते. मी हे विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा माझा आवाज दर वेळी जरा वर जातो.

मात्र यावरून कुणी विषांना सरसकट माफी देऊ नये. चिवट विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा रसायनांत हेक्झाक्लोरोबेन्झीनचं नाव आहे; करार 2001 मध्ये झाला, 2004 मध्ये लागू झाला. मार्दिनच्या मुलांनंतर चाळीसेक वर्षांनी. जनुक बदलणं आपल्या हाती नव्हतं आणि अजूनही फारसं नाही. बियाण्याला काय चोळायचं, कुणाला न विचारता काय लिहून द्यायचं, हे पहिल्या दिवसापासून माणसाच्याच हाती होतं. म्हणून 'आनुवंशिक' हा शब्द एखाद्या अहवालावर मी एकटा जाऊ देत नाही. त्याच्या खाली टाळायच्या औषधांची यादी जोडते, कुणी मागितली नसली तरी.

त्या मुलीची आई बऱ्याच वर्षांनी पुन्हा भेटली. जनुकतपासणी आता आवाक्यात आली होती आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाई साठी ओलांडलेल्या, ताठ चालणाऱ्या. सोबत मुलगी होती, तिच्या पर्समध्ये औषधांची यादी चौघडी करून ठेवलेली, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. अहवाल आला: आईतही तेच जनुक, तोच बदल, अक्षराला अक्षर. मी विचारलं, "तुम्हाला कधी पोटात असं दुखलं होतं?" त्या म्हणाल्या, "कधीच नाही. तीन बाळंतपणं झाली, पण औषधाची गोळी अशी मी फारशी घेतलीच नाही." हे जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर एकही झटका येत नाही, त्या त्यांपैकीच होत्या.

दोघींचे नमुने त्या दिवशी घेतले होते. मोजणी उरकल्यावर थोडी थोडी लघवी उरली. मी फॉइल सोडली, दोन पारदर्शक बाटल्यांत ती ओतली आणि खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवली. दोघींना म्हटलं, काम आटपून संध्याकाळी पुन्हा या.

त्या साडेपाचला आल्या. मुलीची बाटली पिकल्या जांभळाच्या सालीसारखी गर्द झाली होती. आईची सकाळी होती तशीच होती, स्वच्छ पिवळी, पलीकडचं झाड दिसेल अशी. बाई बराच वेळ वाकून दोन्हींकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पण जनुक तेच ना?"

"तेच," मी म्हटलं. "मग हिला काय काय दिलं गेलं, तेवढं मला सांगा," असं म्हणून त्या स्टूल ओढून बसल्या, आणि मुलीने पर्समधून यादी काढली.